जोडवी, घोटा आणि ४२.१९५

आमच्या सासूबाईंच्या मते बाईमाणसानं पळावं ते तीनच वेळा: मागे कुत्रं लागलं, पुढे एसटी सुटली किंवा गॅसवर दूध राहिलं तर. चौथं कारण त्यांना मंजूर नाही. म्हणून मुंबई मॅरेथॉनला नाव घातलंय, तेही पुऱ्या बेचाळीस किलोमीटरला, हे सांगायच्या आधी मी फी किती भरली ते सांगितलं. त्या गप्प झाल्या. पैसे परत मिळत नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, "मग पळ बाई."

नंतर त्यांनी बेचाळीसच का, असंही विचारलं. बेचाळीस नाही, ४२.१९५. मी गुगलून ठेवलेलंच होतं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ही शर्यत विंडसर कॅसलपासून सुरू केली आणि स्टेडियमात राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड, आणि १९२१ साली तेच सगळ्या जगासाठी कायम झालं. "म्हणजे मानपान," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

मी नाशिकला सहकारी बँकेत काउंटरला बसते. वय सेहेचाळीस. हाफ मॅरेथॉन आधी पळाले होते, त्यामुळे पळण्याची भीती नव्हती. भीती वाटायला हवी होती ती पळण्याव्यतिरिक्त जे काही होतं त्याची, पण ते कोणत्याच ट्रेनिंग प्लॅनमध्ये छापलेलं नसतं.

सुरुवात जोडव्यांनी केली. मंगळसूत्राचा प्रश्न चोरांनी आधीच सोडवला होता. पहाटे सोनसाखळी ओढल्याच्या बातम्या वाचून ते घरी ठेवून जायचं फर्मान खुद्द सासूबाईंनीच काढलेलं. जोडव्यांचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. लांबचं पळताना पाय सुजतो, बूट तेवढाच राहतो, आणि मधल्या मधे चांदी शेजारच्या बोटात रुतत जाते. गंगापूर गावाकडून परत येताना आनंदवल्लीपाशी मोजा ओला लागला. घाम असेल म्हटलं. घरी येऊन मोजा काढला तर बोटाला टपोरा फोड, तोही फुटलेला, आणि शेजारचं बोट जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी फुगून जोडवं मधे बुडालेलं. साबण लावला, तेल लावलं. जोडवं ढिम्म हलेना. नवऱ्यानं पक्कड आणली, ती मी हातातून काढून घेतली.

शेवटी सासूबाई आल्या. चष्मा लावला, माझा पाय सरळ मांडीवर घेतला (सुनेचा पाय सासूच्या मांडीवर, मला फोडापेक्षा त्याचंच जास्त झालं), गजऱ्याचा दोरा घेतला, त्याचं एक टोक जोडव्याखालून सरकवलं आणि नखाच्या बाजूला बोटावर दोरा घट्ट गुंडाळत नेला. वेढ्याला वेढा चिकटून. बोट पांढरं पडलं. मग जोडव्याखालचं टोक धरून दोरा उलगडायला सुरुवात केली, तसं जोडवं एकेक वेढा ओलांडत पुढे आलं आणि टुणकन फरशीवर पडलं. "आता ही डब्यात राहू दे," त्या म्हणाल्या. मी चाचरत म्हटलं, "पण आई, लोक काय..." "कपाळावर कुंकू आहे ना? ते काही बुटात घासत नाही."

त्या दिवसापासून माझ्या दुखण्यांचं खातं त्यांच्याकडे गेलं.

घोट्याची गोष्ट वेगळी. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय म्हणून नाशकात रस्तोरस्ती खोदकाम. काल जिथून पळत गेलो तिथे आज चर असतो, आणि परवा त्या चरावर खडीचा ढीग. अशाच एका अंधाऱ्या पहाटे माझा उजवा पाय रस्त्यावर पडला आणि डावा नाही. पुण्य कोणाकोणाच्या पदरात पडेल ते पडो, घोटा माझा मुरगळला. गोदेचा पूर आम्ही नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. आमच्या घरात घोट्याची सूज त्याच मापानं मोजली जाऊ लागली. नवरा सकाळी चहा घेऊन आला की विचारायचा, "आज कुठवर?" मी म्हणायचे, "कमरेपर्यंत." छातीपर्यंत गेलं की सुट्टी, गुडघ्यापर्यंत उतरलं की बँकेत. ज्या दिवशी मारुतीचे पाय उघडे पडले त्या दिवशी मी पुन्हा बूट चढवले.

मधल्या काळात घरात दोन पंथ उभे राहिले. फिजिओथेरपिस्ट बर्फवाले. सासूबाई आंबेहळदीच्या गरम लेपवाल्या. सकाळी बर्फ, संध्याकाळी लेप, आणि घोटा बिचारा दोन्ही घरचा पाहुणा. हा तंटा नवऱ्यानं मिटवला, तो असा: विश्रांती-बर्फ-पट्टी-पाय वर, हे चार शब्दांचं सूत्र ज्या अमेरिकन डॉक्टरनं १९७८ साली दिलं, त्या गेब मर्किन यांनीच पुढे लिहिलं की बर्फानं बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. सासूबाईंनी हे दोनदा वाचून घेतलं. "बघ," म्हणाल्या, "डॉक्टर असून कबूल केलं." फ्रीजरमधली बर्फाची पिशवी त्या दिवसापासून मटारच्या पिशवीखाली गेली ती तिथेच आहे.

आमचा रविवारचा ग्रुप हे एक निराळंच प्रकरण. त्यात पंधरा-वीस जण आहेत आणि मला फार थोड्यांची नावं ठाऊक आहेत. तिथे ओळख दुखण्यावरून चालते. पोटरीवाले काका, आयटी बँड मॅडम (मांडीच्या बाहेरून गुडघ्याकडे जाणारी पट्टी), टाचवाले दोघे भाऊ (एकाची डावी, एकाची उजवी). मी आले तेव्हा "नवीन मॅडम" होते. घोटा मुरगळल्यावर मला रीतसर "घोटा मॅडम" केलं आणि तेव्हापासून मिसळीच्या टेबलावर जागा मिळायला लागली. सोमेश्वरच्या पुढे जाऊन यायचं, मग मिसळ, पापड, वर जिलबी, आणि नडगी ते कंबर या पट्ट्यावर तासभर चर्चा. कोण किती वेगानं पळालं हे कोणी विचारत नाही. कोणाला कुठलं मलम लागू पडलं, कोणाचा फिजिओ सुया टोचतो, हे मात्र वहीत उतरवून घेण्याइतक्या गांभीर्यानं ऐकलं जातं. एकदा एक तरुण आला. काहीच दुखत नव्हतं त्याचं. तासभर नुसता पापड मोडत बसला. पुढच्या रविवारी आलाच नाही.

आणि मग सल्ले. बँकेत मी लंगडत दिसले की पासबुक पुढे करणारा प्रत्येक खातेदार म्हणायचा, "आपली कविता राऊत बघा, अनवाणी पळायची." बघितलंय हो. सावरपाड्याची ही मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे मीच वाटले होते. पण सावरपाड्याच्या चढावर लहानपणी पाणी वाहणं निराळं, आणि वीस वर्षं फिरत्या खुर्चीवर बसून नोटा मोजणं निराळं. हे मी प्रत्येकाला सांगत बसले असते तर पासबुकांची रांग कॉलेज रोडपर्यंत गेली असती.

गुडघा गेला तो मात्र पळताना नाही. ऐन डिसेंबरात, लाँग रन तिशीच्या पुढे गेलेला, सगळं सुरळीत चाललेलं, आणि भाचीच्या हळदीत डीजेवाल्यानं आवाज वाढवला. दोन गिरक्या बऱ्या झाल्या. तिसरीत गुडघ्यानं "कट्" असा आवाज केला, जो डीजेवरही मला स्वच्छ ऐकू आला. फिजिओला मी सांगितलं, "पळताना." त्यांनी मला एका पायावर उभं केलं, वाकवलं, मागे जाऊन पाहिलं आणि निदान सांगितलं: दुखतं गुडघ्यात, पण दोष ग्लुट्सचा. कमकुवत आहेत. त्यांच्याकडे कोणीही काहीही घेऊन जावं, टाच, पोटरी, मान, दोष तिथेच निघतो. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले? आता ग्लुट्स म्हणजे काय हे सासूला कुठल्या शब्दात सांगणार? मी हातानं दाखवलं. त्या म्हणाल्या, "तरी मी म्हणते, बसून बसून." पाचशे रुपये त्यांनाच द्यायला हवे होते.

मग आडवं पडून गुडघे उघडायचे-मिटायचे व्यायाम आले, आणि पोटऱ्या लाटायचा रोलर. रोलर येईपर्यंत मी एकदा पोळीच्या लाटण्यानं काम भागवलं. ते लाटणं दुसऱ्या दिवशी ओट्यावरून गायब झालं आणि तिथे नवंकोरं आलं. जुनं माझ्या बुटांच्या शेजारी ठेवलेलं सापडलं. त्यावर कोणी काही बोललं नाही.

मला धीर यावा म्हणून नवरा रात्री मॅरेथॉनच्या गोष्टी वाचून दाखवायचा. एक चांगली सापडली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली १९८४ साली, लॉस एंजेलिसला, आणि जिंकली अमेरिकेच्या जोन बेनॉइटनं. या बाईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर सतरा दिवसांनी ती निवड चाचणीची मॅरेथॉन पळाली. पळाली म्हणजे, जिंकली. नवऱ्याचा आवाज भरून आला होता. सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिच्या घरी स्वयंपाकाला कोण होतं ते लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या पोळ्या नवऱ्याकडे आल्या. त्यांच्या आकारावर मी इथे काही लिहिणार नाही.

शेवटचे दोन आठवडे टेपर. म्हणजे पळणं कमी करत आणायचं, शरीराला भरून यायला वेळ द्यायचा. कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात पहाटे जाग येते, जायचं कुठे नसतं, आणि माणूस गादीत पडून स्वतःचा एकेक अवयव तपासतो. ग्रुपवर त्या आठवड्यात जे मेसेज येत होते ते कोणा परक्यानं वाचले असते तर त्याला वाटलं असतं अपघात झालाय. निफाडकडून थंडी अशी आली होती की कान झाकल्याशिवाय दूधही आणवत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला सर्दीची शंका. कोणी शिंकलं की बाकीचे दोन पावलं मागे. पोटरीवाले काका तर मास्क लावून मॉर्निंग वॉकला जायला लागले.

टेपरमधली एकच गोष्ट सासूबाईंना मनापासून पटली: भात. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन साठवून ठेवायचं, कारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास ते संपतं आणि पाय चालेनासे होतात. म्हणून आधी दोन-तीन दिवस भात, बटाटा, गोडधोड. "हा एवढा खेळ मला कळला," म्हणाल्या आणि कढई चढवली. ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठतं, वजन वाढतं, ते अगदी नॉर्मल असतं, असं मी वजनकाट्यावरून उतरताना मोठ्यानं म्हटलं. घरात कोणी विचारलं नव्हतं.

त्यातच संक्रांत. हळदीकुंकू. सतरंजीवर पाय दुमडून बसले तरी अंगठा साडीबाहेर आलाच. उतारावर बोट बुटाला धडकून धडकून माझं अंगठ्याचं नख आधी जांभळं, मग काळं झालं होतं, आणि दिवाळीनंतर एका मोज्याबरोबर ते निघून आलं. मी काय केलं होतं, नख नव्हतं त्या जागी कातडीवरच मरून नेलपॉलिश लावलं होतं. चार हातांवरून कोणाला कळत नाही. पण समोरच्या वहिनी तीळगूळ घ्यायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. "अगं, हे नख..." सासूबाई वाणाचं ताट घेऊन मधे आल्या. "मॅरेथॉनला असंच लावतात," त्यांनी ठणकावून सांगितलं. वहिनी अजून तसंच समजतात.

नाशिक रोडवरून गाडीत बसताना माझ्या बॅगेत कपडे एक जोड आणि औषधं तीन पिशव्या होत्या. स्प्रे, मलम, चिकटपट्ट्या, निळा टेप, काळा टेप, आंबेहळदीची पुडी, आणि मांड्या घासू नयेत म्हणून व्हॅसलिनची मोठी डबी. बीकेसीला जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेतला, दादरला मावसबहिणीकडे झोप न येता झोपले, आणि भल्या पहाटे सीएसएमटीला हजारो माणसांत उभी राहिले. नाशिकच्या थंडीत घडवलेलं शरीर, आणि मुंबईची हवा सुरू व्हायच्या आधीच पाठीवरून ओघळायला लागलेली. सगळे पाय झटकत होते, घोटे फिरवत होते. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पळण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पुलावर सूर्य उगवला, लोकांनी संत्र्याच्या फोडी दिल्या, मी कोणाचंतरी केळं धन्यवाद न देता खाल्लं. सांगायचं ते पेडर रोडचं. परत येताना, पस्तिशी उलटल्यावर, तो चढ लागतो. तिथे पोटरीवाले काका चालताना दिसले. मी विचारलं, पोटरी कशी आहे? "पोटरी एकदम मस्त," ते म्हणाले, "खांदा गेला." मी माझ्याकडे पाहिलं. घोटा ठीक. गुडघा, ज्याच्यावर दोन रंगांचे टेप होते, ठीक. दुखत होता तो डाव्या कानामागचा एक भाग, ज्याचा उल्लेख गेल्या सहा महिन्यांत ना फिजिओनं केला होता ना सासूबाईंनी, आणि आता त्याच्या जोडीला दोन्ही पाय, सरसकट.

वळणावर स्प्रेचा डबा घेतलेला एक कॉलेजचा मुलगा उभा होता. "मावशी, कुठे मारू?"

मी थांबले. खूप विचार केला. मागे रांग लागली.

"तुझ्याकडे किती शिल्लक आहे?" मी विचारलं.