मीटरला ‘खेळणं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

गाडी शून्यावरून शंभरला किती सेकंदात जाते (झिरो टू हंड्रेड) आणि ब्रेक मारल्यावर किती मीटरमध्ये थांबते हे मोजायच्या जीपीएस मीटरवर मी जो लेख लिहिला त्याच्याखाली एका वाचकाने नाव न टाकता प्रतिक्रिया दिलीये. आधी ती जशीच्या तशी देतो म्हणजे बाकीच्यांना कळेल मी कशावर बोलतोय. “अरे बाबा, ज्या शहरात गाडी वीसच्या वर जात नाही तिथे झिरो टू हंड्रेड मोजणं हा पोरकटपणा आहे. तुझं ते खेळणं मोबाईलमधल्या फुकट ॲपपेक्षा वेगळं काही सांगत नाही. एका गाडीवरून लोकांसमोर ज्ञान पाजळू नकोस, कंपनी आकडे देते ते पुरेसे आहेत. आणि रोलआउट धरलाय की नाही ते तरी लिहायचं होतंस.”

पहिली गोष्ट म्हणजे आपली ओळख नाही, तरी तुम्ही सरळ अरे-तुरेवर आलात. माझी मुलगी कॉलेजात आहे, मला पोरकट म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मुद्दा पटला नाही तर तसं लिहा ना, लेखाखाली पंचवीस लोकांनी वेगवेगळी मतं मांडलीयेत, कोणाशी मी वाकडं बोललेलो नाही. पण नाव लपवून बाबा-बाळा करत शिकवायला येणारी माणसं मला सहन होत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

आता रोलआउटचं. ते बरोबर आहे, लिहायला हवं होतं, लेखात टाकलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर, गाडी पहिला साधारण एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू होतं, म्हणून बऱ्याच मीटरमध्ये तो एक फूट वजा करायची सोय असते आणि त्याने वेळ साधारण तीन दशांश सेकंदाने कमी दिसतो. मी ती सोय बंद ठेवून मोजलंय, म्हणजे माझा आकडा उलट जास्तच आलाय, फुगवलेला नाही. आणि ब्रेकिंगला रोलआउटचा काही संबंधच नसतो.

पण “मोबाईलमधल्या फुकट ॲपपेक्षा वेगळं काही सांगत नाही” हे जे वाक्य तुम्ही ठोकून दिलंत ना, त्यावर मी गप्प बसणार नाही, कारण असलं काही वाचून लोक खरंच फोनवर ब्रेक तपासतात आणि निर्धास्त होतात. बहुतेक फोन ॲपला जीपीएसचा स्पीड सेकंदाला एकदाच देतात. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, आणि चांगले ब्रेक असलेली गाडी ८० वरून थांबायला अडीच सेकंद घेते. म्हणजे अख्ख्या ब्रेकिंगमध्ये तुमच्या फुकट ॲपला दोन नाहीतर तीन आकडे मिळणार, मधलं सगळं अंदाजपंचे. माझा मीटर सेकंदाला दहा वेळा वाचतो, म्हणजे त्याच अडीच सेकंदात पंचवीसेक आकडे, आणि अँटेना डॅशबोर्डवर, काचेतून आकाश दिसेल अशी. हा फरक दिसत नसेल तर मग मी काय बोलणार.

बरं, काही ॲप जीपीएस सोडून फोनमधल्या ॲक्सिलरोमीटरवर, म्हणजे वेगातला बदल ओळखणाऱ्या सेन्सरवर, चालतात, त्यांचं तर आणखी अवघड. गाडी जोरात निघाली की नाक वर उचलतं, ब्रेक मारला की खाली दबतं, आणि तेवढा कल आला की सेन्सर गुरुत्वाकर्षणाचा तुकडा गाडीचा वेग वाढतोय किंवा कमी होतोय असं समजून मोजतो. कल एका अंशाचा असला तरी ०.०१७ जीची चूक होते (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं ॲक्सिलरेशन). ऐकायला किरकोळ वाटतं, पण १२ सेकंदात शंभर गाठणाऱ्या साध्या हॅचबॅकचं सरासरी ॲक्सिलरेशनच ०.२४ जीच्या आसपास असतं, म्हणजे सात टक्के तिथेच गेले. त्यात होल्डरमध्ये फोन हलतो तो वेगळाच. आणि काटा बघून स्टॉपवॉच लावणारे पण आहेत, त्यांना एवढंच सांगतो की युरोपच्या नियमात स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी दाखवलेलं चालत नाही, जास्त दाखवलेलं ठराविक मर्यादेपर्यंत चालतं, म्हणून कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. काटा शंभरवर येतो तेव्हा गाडी खरी शंभरला नसते.

तुम्ही म्हणाल हे सगळं पुस्तकी आहे. माझे वडील बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, पण डेपोतून बस काढताना एअर ब्रेकच्या हवेचं प्रेशर काट्यावर चढलेलं बघितल्याशिवाय चाक हलवायचे नाहीत. पाय तयार असूनही काटा बघायचे. मी त्यांच्या हाताखाली वाढलोय आणि नंतर मी स्वतः वर्कशॉपच्या फ्लोअरवर काम केलंय, ग्रीस माझ्या नखात होतं, मला कोणी ॲपवरून गाडी शिकवू नये.

आणि मीटर कशाला लागतो ते माझ्याच गाडीवरून सांगतो, लेखात होतंच पण तुम्ही झिरो टू हंड्रेडच्या पुढे वाचलेलं दिसत नाही. उपनगरातल्या एका वर्कशॉपने माझे पुढचे ब्रेक पॅड बदलले. पेडल छान, आवाज नाही, माझ्या पायाला काहीही फरक कळला नाही. आजकाल पेडलचा जोर वाढवणारा ब्रेक बूस्टर इतकी मदत करतो की पायाला कळतच नाही. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत गाडी चालवली आणि मग त्याच टायरवर, तेवढ्याच हवेवर, कर्जतकडे ओळखीच्यांच्या बंद आवारातल्या कोरड्या रस्त्यावर, दोन्ही दिशांनी मोजलं. ८० ते शून्य आधी २८ मीटर यायचं ते ३२ यायला लागलं. चार मीटर म्हणजे काय विशेष असं वाटेल, पण हिशोब करा, जिथे आधी गाडी पूर्ण थांबत होती तिथे आता ती अजून ताशी २८ किलोमीटरच्या स्पीडने पुढे जातेय. तिथे झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा असेल तर? विचारल्यावर कळलं पॅड दुसऱ्याच मेकचे टाकले होते. मूळचे टाकले आणि आकडा परत २८ वर. फोनवर हे दिसलं असतं? सेकंदाला एक आकडा घेऊन चार मीटरचा फरक खात्रीने पकडून दाखवा मला.

‘वीसच्या वर जात नाही’ म्हणता. मुंबईत कोस्टल रोडच्या सरळ भागात, सी लिंकवर ८० ची मर्यादा आहे, अटल सेतूवर कारला १०० ची, रात्री ईस्टर्न फ्रीवेवर जाऊन बघा कोण वीसने जातंय. आणि ब्रेक लागतो तो मर्यादेत चालवणाऱ्यालाही, पावसात तर जास्तच. मी यातल्या कुठल्याही रस्त्यावर टेस्ट केलेली नाही, कोणी करूही नका.

एका गाडीचं आणि कंपनीच्या आकड्यांचं जे लिहिलंय त्यावर फार बोलत नाही. कंपनीचा आकडा कंपनीच्या नव्या गाडीचा असतो, माझ्या झिजलेल्या टायरचा नाही. बस.

यापुढे लिहायचं असेल तर नाव टाकून आणि ‘तुम्ही’ म्हणून लिहा, नाहीतर प्रतिक्रिया दिसणार नाही. आणि खरंच शंका असेल तर पुढच्या वेळी पॅड बदलायच्या आधी कळवा, आधीचं आणि नंतरचं दोन्ही आपण तुमच्याच गाडीवर मोजू, एका बाजूला माझा मीटर आणि शेजारी तुमचं ॲप लावून.