चार तासांचे काम आणि अडकलेला दिवस : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी स्वतः करत असलेल्या ग्रामीण डाक सेवकाच्या, म्हणजे गावातील शाखा डाकघरात रोज चार-पाच तास काम करणाऱ्या सेवकाच्या, कामावरील माझा लेख आपण बारकाईने वाचला आणि सविस्तर प्रतिक्रिया दिली, याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा : दिवसाला चार तासांचे काम, दहावीच्या गुणांवर थेट निवड, वर केंद्राचा महागाई भत्ता, आणि तरीही मी तक्रारीचा सूर लावतो, अर्ध्या वेळेच्या कामाला मोबदलाही त्याच प्रमाणात मिळणार हे अर्ज भरतानाच माहीत असते, आणि असे लेख वाचून होतकरू मुले हातात आलेली सरकारी संधी सोडून देतात, म्हणून मी तो लेख काढून टाकावा. आपल्या पुतण्याची परजिल्ह्यातील एका शाखा डाकघरात सहायक शाखा डाकपाल म्हणून निवड झाली आहे आणि लेख वाचल्यापासून त्याच्या आईचे मन कच खाऊ लागले आहे, असेही आपण लिहिले आहे. हे उत्तर लांबले आहे ते मुख्यतः त्या मुलासाठी, कारण त्याला लवकरच होय किंवा नाही ते कळवायचे आहे.

आधी पैशांचा हिशेब पाहू, कारण तिथे आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. डाक सेवकांच्या मोबदल्याचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर १ जुलै २०१८ पासून जी रचना लागू झाली, तिच्यात सहायक शाखा डाकपाल व डाक सेवक यांना चार तासांसाठी महिना १०,००० आणि पाच तासांसाठी १२,००० रुपये, तर शाखा डाकपालाला अनुक्रमे १२,००० आणि १४,५०० रुपये अशी सुरुवातीची रक्कम ठरली. नियमांत तिला वेतन न म्हणता भत्ता म्हणतात. तीत दरवर्षी तीन टक्क्यांची वाढ होते आणि महागाई भत्ता केंद्रीय कर्मचाऱ्यांच्याच दराने मिळतो. सातव्या वेतन आयोगाने सर्वांत खालच्या स्तराचे मूळ वेतन १८,००० रुपये ठेवले आहे. आठ तासांचे अठरा हजार धरले तर चार तासांचे नऊच होतात, म्हणजे या तुलनेत डाक सेवक हजार रुपयांनी पुढेच आहे. मात्र गावोगाव बटवडा करणाऱ्या सेवकाचे काम पोस्टमनच्या कामाशी ताडून पाहायला हवे, आणि पोस्टमनचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. त्याचे निम्मे १०,८५० होतात. एवढ्या फरकावरून मी लेख लिहिला नसता.

खरी तफावत सुरुवातीच्या रकमेत नाही, ती नंतर वाढत जाते. नियमित कर्मचाऱ्याला घरभाडे भत्ता आहे, वैद्यकीय सोय आहे, आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत सरकार त्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्के एवढी रक्कम भरते. डाक सेवकाला घरभाडे भत्ता नाही, आणि निवृत्तीसाठी त्याची स्वतंत्र, बरीच लहान योजना आहे. सेवेत राहून वर सरकण्याची सोय म्हणाल, तर १२, २४ आणि ३६ वर्षांनंतर मिळणारी आर्थिक वाढ २०२४ मध्ये जाहीर झाली : वर्षाला अनुक्रमे ४,३२०, ५,५२० आणि ७,२०० रुपये. बारा वर्षे बटवडा केल्यावर महिन्याला ३६० रुपये वाढतात, असा त्याचा अर्थ. हे आकडे आपल्यासारख्या निवृत्त कर्मचाऱ्याला मी समजावून सांगण्याची गरज नाही; आपल्या पहिल्या दहा वर्षांतील वेतनवाढीशी आपणच त्यांची तुलना करून पाहावी.

परंतु माझ्या लेखाचा रोख पैशांवर नव्हता, आणि आपल्या प्रतिक्रियेत तोच भाग सुटला आहे. चार तास हे कामाचे मोजमाप आहे. ते चार तास दिवसात कुठे पडतात, हे सेवकाच्या हाती नसते. माझेच उदाहरण देतो. सकाळी उपडाकघरातून आमच्या शाखेची थैली आणायची. शाखा डाकपाल ती उघडून नोंदी करतात, शिक्के मारतात. मग स्पीड पोस्ट, मनीऑर्डरी आणि साधे टपाल ताब्यात घेऊन मी वाड्या-वस्त्यांवर निघतो. परतल्यावर वाटलेल्याचा आणि न वाटलेल्याचा हिशेब द्यायचा, न वाटलेल्यावर कारण लिहायचे, आणि बंद केलेली थैली दुपारच्या टपालगाडीच्या वेळेला पुन्हा उपडाकघरात पोहोचवायची. बटवडा लवकर आटोपला म्हणून गाडी लवकर निघत नाही, आणि सकाळची गाडी उशिरा आली म्हणून वाटप उद्यावर ढकलता येत नाही. मधली जी फट उरते, ती माझ्या कामाच्या तासांत मोजली जात नाही, पण तेवढ्या वेळात दुसरे काही उभे करता येईल इतकी ती मोठीही नसते.

काम चार तासांचे असले तरी सकाळपासून दुपार उतरेपर्यंत माणूस अडकलेला असतो, तेही सोमवार ते शनिवार. मजुरीचा दिवस सकाळीच भरतो. दुपारी तीनला बांधावर येणाऱ्याला कोणी पूर्ण रोज देत नाही. कारखान्याची पहिली पाळी जमत नाही. दुकानात कामाला ठेवणारा मालक संध्याकाळपुरता माणूस ठेवायला सहसा तयार होत नाही, आणि ठेवलाच तर पैसेही संध्याकाळपुरतेच देतो. आपण लिहिता की उरलेले चार तास त्याने दुसरीकडे कमवावेत. कागदावर चार आणि चार मिळून आठ होतात, हे मान्य. पण ते उरलेले चार तास विकत घेणारा कोणी त्या गावात आहे का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मला ही नोकरी परवडते, कारण घरची पिठाची गिरणी आहे. सकाळी ती आई चालवते आणि संध्याकाळी मी. गिरणी नसती तर मी या कामावर टिकलो नसतो, आणि हे सांगण्यात मला कसलाही संकोच वाटत नाही, कारण नियमांनी गृहीत धरलेला माणूस नेमका असाच आहे. सेवकाला पाच तासांपेक्षा अधिक काम देता येणार नाही, त्याला या भत्त्याखेरीज उपजीविकेचे अन्य पुरेसे साधन असले पाहिजे, आणि वयाच्या ६५ व्या वर्षानंतर त्याला ठेवता येणार नाही, या तिन्ही अटी नियमांतच आहेत. त्यांचे मूळ ब्रिटिश काळातील खातेबाह्य व्यवस्थेत आहे. ज्या गावात पूर्ण वेळ डाकघर चालवण्याइतके टपाल नव्हते, तिथे शाळामास्तर, दुकानदार किंवा निवृत्त माणूस आपले काम सांभाळून टपालही पाही. त्याचे घर त्याच गावात, पोट दुसऱ्या धंद्यावर, आणि टपालाचे पैसे ही वरकड मिळकत. या तीन गोष्टी जुळत होत्या तोवर अट न्याय्य होती. २००१ च्या नियमांपासून ‘ग्रामीण डाक सेवक’ हे नाव आले, अट मात्र तशीच राहिली.

बदलली ती निवडीची पद्धत. आता अर्ज ऑनलाइन भरला जातो, परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते आणि संगणक क्रम ठरवतो. वशिल्याला यात वाव उरला नाही, आणि एवढ्यापुरते या पद्धतीचे मोठे श्रेय मी मानतो. पूर्वीच्या नेमणुकांविषयी गावागावांत काय बोलले जाई, हे आपणही ऐकले असेल. मात्र या चाळणीतून वर येणारा उमेदवार पुष्कळदा एकोणीस-वीस वर्षांचा, नव्वदीपार गुणांचा आणि दुसऱ्याच जिल्ह्यातला असतो. नियमाप्रमाणे त्याला शाखेच्या हद्दीत राहायला जावे लागते. तिथे त्याची जमीन नाही, दुकान नाही, ओळख नाही. उपजीविकेचे अन्य साधन असल्याचे तो लिहून देतो, पण ते साधन म्हणजे बहुधा दोनशे किलोमीटर दूर असलेल्या वडिलांची शेती असते. ज्या माणसासाठी चार तासांचे काम आखले होते तो एक, आणि ज्याच्या हाती ते पडते तो दुसराच. माझा आक्षेप या विसंगतीवर आहे. मुलांच्या कष्टाळूपणाविषयी किंवा सरकारच्या कंजूषपणाविषयी मी काहीच म्हटलेले नाही.

‘अटी आधीच माहीत असतात’ या आपल्या मुद्द्याचे उत्तरही यातच येते. जाहिरातीत पदाचे नाव असते, भत्त्याची पातळी असते, वयाची १८ ते ४० ही मर्यादा असते, सायकल चालवता येण्याची अट असते. टपालगाडी किती वाजता येते, थैली परत कधी न्यावी लागते, हद्दीत भाड्याने खोली मिळते की नाही, यांतले काहीही तिथे नसते. आणि नोकरी परवडेल की नाही, हे याच गोष्टींवर ठरते.

आपण ‘सरकारी संधी’ असा शब्दप्रयोग केला आहे, त्यावर थोडेसेच लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पी. के. राजम्मा प्रकरणात खातेबाह्य कर्मचारी, म्हणजे आजचे डाक सेवक, नागरी पद धारण करतात असा निर्णय दिला, त्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण त्यांना मिळते आणि मनात आले म्हणून कोणी त्यांना काढू शकत नाही. त्याच वेळी नियम असेही सांगतात की सेवक केंद्राच्या नागरी सेवेबाहेर आहे आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांशी बरोबरी मागू शकत नाही. चौकशीसाठी कामापासून दूर ठेवले, तर सुरुवातीला भत्त्याचा काही हिस्साच हाती येतो. ज्याचे दुसरे साधन केवळ कागदावर आहे, त्याच्यावर अशी वेळ आली तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकता. काम सुरक्षित आहे, पण ‘सरकारी नोकरी’ म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांसमोर जे उभे राहते ते हे नव्हे. सोयरीक ठरवताना तर हा घोळ हमखास होतो, पण तो विषय वेगळा.

विभागांतर्गत परीक्षेने पुढे पोस्टमन होता येते, हा आपला सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर ही परीक्षा देता येते, आणि बाहेरच्या उमेदवाराला हा दरवाजा उघडत नाही. जो मुलगा संध्याकाळी नेमाने अभ्यासाला बसेल, त्याच्यासाठी हे काम म्हणजे पगार घेत केलेली उमेदवारी आहे. फक्त ही वाट चालण्यासाठी मधली वर्षे निभावली पाहिजेत, आणि ती निभावण्यासाठी पुन्हा घरचा आधार किंवा जवळची शाखा लागते. आमच्या भागात या वाटेने पुढे गेलेले जे सेवक मला ठाऊक आहेत, ते सगळे आपल्याच किंवा शेजारच्या तालुक्यात काम करत होते.

कामाविषयी नावड असल्याचा जो अर्थ आपण माझ्या लेखातून काढला, तो मात्र मी स्वीकारत नाही. १ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाल्यापासून बटवड्याच्या फेरीत पैसे काढून देण्याचे कामही आले. अंगठा लावून निराधार योजनेचे पैसे दारातच हाती पडल्यावर तालुक्याची खेप वाचलेली म्हातारी माणसे मी रोज पाहतो. त्याचे प्रोत्साहनपर पैसेही मिळतात. अंगठा एका फटक्यात उमटत नाही, रेंज जाते, फेरी लांबते; पण या कामाचा कंटाळा मला कधी आलेला नाही.

लेख मी काढणार नाही. त्यात पोस्टमनच्या वेतनाशी केलेली वरील तुलना तेवढी जोडतो, म्हणजे आपला हिशेबही वाचकांसमोर राहील.

आता आपल्या पुतण्याविषयी. होकार कळवण्यापूर्वी त्याने एक दिवस काढून त्या शाखेत जाऊन यावे. कोणीतरी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नये. शाखा डाकपालांना भेटून थैली केव्हा येते आणि परत केव्हा जाते ते विचारावे, बटवड्याच्या हद्दीत किती वाड्या येतात आणि पावसाळ्यात त्यांतल्या कोणत्या तुटतात ते पाहावे. पद चार तासांचे की पाच तासांचे, याची खात्री करून घ्यावी. सुरुवातीचे १०,००० आणि त्यावरील महागाई भत्ता मिळून सध्या पंधरा-सोळा हजार होतात. त्यातून खोलीभाडे, जेवण आणि गावी येण्याजाण्याचा खर्च वजा करून काय उरते, ते कागदावर मांडावे. पोस्टमनच्या परीक्षेला बसण्याचा त्याचा पक्का इरादा असेल आणि पहिली काही वर्षे घरून थोडा हातभार लागणार असेल, तर त्याने जरूर रुजू व्हावे, असे मी त्याच्या आईलाही सांगेन. घरी दर महिन्याला पैसे पाठवण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर असेल, तर ही शाखा सोडून पुढच्या भरतीत आपल्या तालुक्याजवळच्या जागा पसंतीक्रमात वर ठेवाव्यात. वय त्याच्या बाजूने आहे. शाखेत जाऊन आल्यावर त्याला काही विचारायचे असेल, तर त्याने इथेच लिहावे, मी सवडीने उत्तर देईन.