न्यू ऑर्लिन्स निसर्गाने बुडवलं नाही

बुडणाऱ्या शहरांवरचा एक लांबलचक मजकूर महिनाभर व्हॉट्सअॅपवर फिरतोय. मी तो पाहून सोडून दिला होता. पण परवा भाचीने शाळेच्या भूगोल प्रकल्पात तोच उतरवून काढलेला दिसला. खाली तिचा निष्कर्ष होता: ‘धोक्याच्या जागी राहणारे लोक स्वतःच जबाबदार असतात.’ हे वाक्य मुलांच्या वहीत जाऊन बसत असेल तर गप्प राहणं मला जमणार नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातलं न्यू ऑर्लिन्स मुळातच समुद्रसपाटीखाली वसवलं. २००५ साली कतरीना चक्रीवादळात पाणी भिंतींवरून आत आलं, कारण निसर्गापुढे कुणाचं चालत नाही. लोकांना निघून जा म्हणून सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. इंडोनेशियातल्या जकार्ताला वाढता समुद्र गिळतोय. उपाय दोनच: भिंती उंच करा, नाहीतर शहर सोडा.

‘मुळातच समुद्रसपाटीखाली वसवलं.’ अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. आज त्या शहराचा साधारण निम्मा भाग समुद्रसपाटीखाली आहे. पण ‘मुळातच’ हा शब्द साफ खोटा. १७१८ साली फ्रेंचांनी वस्ती केली ती मिसिसिपीच्या काठावरच्या उंच पट्ट्यावर. पुरात नदी पात्राबाहेर आली की जाडा गाळ काठालगतच टाकते, त्यामुळे त्रिभुज प्रदेशात नदीकाठ हीच सगळ्यात उंच जागा असते. जुना फ्रेंच क्वार्टर तिथेच उभा आहे आणि २००५ मध्ये तो बहुतांशी कोरडा राहिला. मागे शहराच्या उत्तरेच्या सरोवरापर्यंत दलदल होती, आणि जवळपास दोनशे वर्षं लोक तिकडे फारसे सरकले नाहीत. मग १९१३ च्या सुमारास बाल्डविन वूड या इंजिनिअरने प्रचंड ताकदीचे पंप बनवले, दलदल उपसली गेली आणि तिथे प्लॉट पडले. ती जमीन कुजलेल्या झाडपाल्याने भरलेली होती. पाण्याखाली असेपर्यंत ती टिकते. पाणी काढलं की आत हवा शिरते, झाडपाला सडतो, माती आक्रसते आणि जमीन खचते. खचलेल्या जमिनीत पावसाचं पाणी जास्त साचतं, ते काढायला पंप जास्त चालवावे लागतात आणि जमीन आणखी खचते. शहराचा तो निम्मा भाग अशा रीतीने खाली गेला आहे.

आता सगळ्यात संतापजनक मुद्दा. ‘पाणी भिंतींवरून आत आलं.’

शहराच्या पूर्वेला काही ठिकाणी पाणी खरोखरच वरून आलं, हे नाकारत नाही. पण शहराच्या मध्यभागात जे पाणी शिरलं त्यातलं बरंचसं शहरातून उपसलेलं पाणी सरोवरात सोडणाऱ्या सतरावी स्ट्रीट आणि लंडन अॅव्हेन्यू या दोन कालव्यांच्या फुटलेल्या भिंतींमधून आलं, आणि त्या भिंती फुटल्या तेव्हा पाणी त्यांच्या माथ्याला टेकलंसुद्धा नव्हतं. सतरावी स्ट्रीट कालव्याची भिंत म्हणजे जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे आणि त्यांच्या डोक्यावर काँक्रीट. कालव्यात पाणी चढलं तशी भिंत किंचित बाहेर कलली. भिंत आणि कालव्याकडची माती यांच्यात फट पडली. त्या फटीत पाणी खोलवर उतरलं आणि मागचा मातीचा बांध भिंतीसकट आडवा सरकला, कारण खाली मऊ चिकणमाती होती. काही वेळातच शंभर मीटरहून मोठं खिंडार पडलं.

हे मी मनाने सांगत नाही. या भिंती ज्यांनी बांधल्या त्या अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरनेच चौकशी बसवली. २००६ साली आलेल्या तिच्या अहवालात लिहिलंय की ही संरक्षण यंत्रणा केवळ नावापुरती यंत्रणा होती. भिंती बांधणारेच चूक कबूल करतात आणि आपल्याकडचे फॉरवर्डवाले दोष निसर्गाला देतात! पन्नासहून जास्त ठिकाणी बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादळ निसर्गाचं होतं, पण पत्रे किती खोल ठोकायचे हे माणसांनी कागदावर ठरवलं होतं. १९८० च्या दशकात अशा भिंतीची प्रत्यक्ष चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष चुकीचे लावून पत्रे कमी खोल ठोकले तरी चालतील असं मानलं गेलं, आणि त्यात पैसे वाचले.

पूर्वेकडच्या पाण्यामागेही माणसाचा हात आहेच. मोठ्या जहाजांना समुद्रातून थेट शहराजवळ येता यावं म्हणून १९६० च्या दशकात मेक्सिकोच्या आखातापासून एक लांब कालवा खोदला गेला. त्यातून खारं पाणी आत आलं, सायप्रस नावाची झाडं मेली, पाणथळ रानं उघडी पडली. कालव्याकाठचे बांध तिथूनच उपसलेल्या वाळू-शिंपल्यांच्या भरावाचे होते. लाटांनी त्यांची धूळधाण केली. २००९ मध्ये तो कालवा दगड टाकून बंद करावा लागला. त्याआधीच, १९२७ च्या महापुरानंतर, नदीला दोन्ही काठांनी बांध घालून जखडून टाकलं होतं. त्यामुळे गाळ पाणथळीत पसरायचा थांबला आणि थेट खोल समुद्रात जाऊ लागला. १९३२ पासून लुइझियानाने सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली आहे, आणि ही बांधबंदिस्ती त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे.

‘लोकांनी ऐकलं नाही.’ भाचीच्या वहीत शिरलेला मुद्दा हाच. सक्तीने शहर सोडण्याचा आदेश आला २८ ऑगस्टच्या सकाळी, आणि वादळ थडकलं दुसऱ्या दिवशी सकाळी. एवढ्या वेळात निघायचं तर गाडी हवी, पेट्रोलला पैसे हवेत, बाहेर राहायला जागा हवी. त्या शहरात सुमारे एक लाख लोकांकडे गाडीच नव्हती. लुइझियानात मेलेल्यांचा वैद्यकीय अभ्यास झाला, तेव्हा जवळपास निम्मे ७५ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचे निघाले. त्यातले कित्येक स्वतःच्या घरात नाहीतर इस्पितळात, वृद्धाश्रमात गेले. खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईने काय ऐकायला हवं होतं? आणि लेकव्ह्यूसारखी खात्यापित्या घरांची वस्तीही बुडाली, कारण तीही उपसलेल्या दलदलीवरच होती. त्या लोकांनी घरं घेतली ती सरकारी भिंत पाहून, तिच्यावर भरवसा ठेवून. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाने १९४० च्या दशकातच लिहून ठेवलंय की पूर देवाची करणी असेल, पण पुराचं नुकसान बहुतांशी माणसाची करणी असते.

‘निसर्गापुढे कुणाचं चालत नाही.’ २९ ऑगस्ट २०२१, कतरीनाच्याच तारखेला आयडा हे चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. कतरीना किनाऱ्याला धडकताना तिसऱ्या श्रेणीची होती, आयडा चौथ्या. वाट वेगळी होती, त्यामुळे दोघांची थेट तुलना मी करणार नाही. पण नव्याने बांधलेल्या यंत्रणेने शहर राखलं. तिच्याबाहेर असलेलं लाप्लास हे गाव मात्र बुडालं. संरक्षणाचं कडं कुठून कुठवर ओढायचं हे माणसंच ठरवतात, आणि बाहेर कोण राहणार हेही त्यातच ठरतं. शहरात त्या वेळी वीज गेली आणि बहुतेक मृत्यू उकाड्याने झाले. म्हणजे नुसत्या भिंती उंच करून भागत नाही, विजेच्या तारांचाही विचार लागतो.

जकार्ताबद्दल लांबण लावत नाही. समुद्र जगभर वर्षाला काही मिलीमीटर वाढतोय, आणि उत्तर जकार्तात काही ठिकाणची जमीन वर्षाला वीस सेंटिमीटरहून जास्त खचल्याच्या नोंदी आहेत. कोणतं मोठं आहे ते लहान मुलालाही कळेल. समुद्रवाढ खोटी नाही, पण तिथली मुख्य अडचण जमिनीखालून उपसलं जाणारं पाणी ही आहे. नळाचं पाणी सगळीकडे पोचत नाही, म्हणून घरं, हॉटेलं, कारखाने बोअर मारतात. टोकियोच्या पूर्व भागाची हीच गत होती. तिथली जमीन काही ठिकाणी चार मीटरहून जास्त खचली. मग १९५० च्या दशकापासून कायदे करून उपसा आवरला, कारखान्यांना दुसरं पाणी दिलं, आणि १९७० च्या दशकात खचणं बरंच थांबलं. गेलेली उंची परत आली नाही, पण पुढची वाचली.

राहिलं ‘शहर सोडा’. इंडोनेशिया बोर्निओ बेटावर नुसांतारा ही नवी राजधानी बांधते आहे. तिथे जातील ती मंत्रालयं आणि कर्मचारी. जकार्तातली एक कोटी माणसं आहेत तिथेच राहणार, आणि त्यांना नळाचं पाणी मिळेपर्यंत बोअर चालूच राहणार.