मासुंद्याचं कासव आणि किल्ल्यातलं गाणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

लहान मुलांना ठाणं गोष्टींतून दाखवण्यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचे आक्षेप तीन आहेत. ठाण्यातल्या मासुंदा तलावाची गोष्ट मी मनानं रचून मुलांना सांगितली. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले ती गोष्ट सांगताना ते कैदेत का होते, हे गाळलं. आणि चार ते सात वर्षांच्या मुलांना यातलं काही कळत नाही; तिसरीत परिसर अभ्यास येतोच, तोवर त्यांना खेळू द्यावं.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तलावाच्या तळाशी एक म्हातारं कासव राहतं आणि कौपिनेश्वराची घंटा ऐकून वर येतं, ही गोष्ट माझीच. गोष्ट रचली यात मला चूक वाटत नाही. चूक त्यापुढच्या चार शब्दांत होती : 'असं जुने लोक सांगतात'. कुठल्याही जुन्या माणसानं मला ती सांगितली नव्हती. आमच्या रविवारच्या गटातल्या एका मुलीनं घरी जाऊन आजीला विचारलं. आजी चेंदणी कोळीवाड्यातली. ती म्हणाली, 'आमी कदी आयकली नाय बा.' मग तिनं नातीला नारळी पौर्णिमेचं सांगितलं : पावसाळ्यात होड्या का थांबतात, खाडीला नारळ दिल्यावरच जाळी पुन्हा पाण्यात का जातात. पुढच्या रविवारी ते सगळं त्या मुलीनं आम्हांला ऐकवलं आणि मी गप्प बसून ऐकलं. ज्यांच्या पिढ्या या पाण्यावर जगल्या, त्यांच्या तोंडी मी माझी गोष्ट घालत होते. त्यानंतर कासवाची गोष्ट 'ही मी रचली बरं का' असं म्हणूनच सुरू होते. मुलांचं काही बिघडत नाही, उलट ती आपापली कासवं रचतात. लेखातलं ते वाक्यही आज बदललं आहे.

आता मासुंद्यावर आम्ही खरी गोष्ट आधी करतो. तलाव पूर्वी मोठा होता, पाणी पार कौपिनेश्वराच्या देवळापर्यंत होतं. आज मध्ये रस्ता आहे, रिक्षा आहेत. आम्ही काठापासून देवळापर्यंत हात धरून चालतो, पावलं मोजतो आणि दर दहा पावलांनी म्हणतो, 'इथंही पाणी.' एका मुलानं देवळाच्या पायरीशी पोचेपर्यंत चपला हातात धरल्या होत्या. भिजतील म्हणून.

डेंगळ्यांबद्दल मात्र थोडं भांडते. गाळलं हे खरं. 1815 साली पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. त्याचा ठपका डेंगळ्यांवर आला आणि दुसऱ्या बाजीरावांना त्यांना इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. पाच वर्षांच्या मुलाला मी हे सांगणार नाही. आज तुरुंग असलेल्या त्याच किल्ल्यात 1910 साली अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे क्रांतिकारक फाशी गेले, तेही सांगणार नाही. पाच वर्षांच्या मुलाला ते पेलत नाही, एवढंच कारण. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दोन्ही सांगेन आणि नीट वेळ देऊन सांगेन.

पण गाळणं वेगळं आणि वळवणं वेगळं. डेंगळे 'शूर वीर' होते, असं मी एकदाही म्हटलेलं नाही. मी सांगितलं ते इतकंच : ही भिंत पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतली. सात वर्षांनी मराठ्यांनी किल्ला जिंकला, पुढे इंग्रजांनी घेतला. तिथं पेशव्यांचा एक माणूस कैदेत होता. पहारा गोऱ्या शिपायांचा, कारण इथल्या माणसांवर इंग्रजांचा भरवसा नव्हता. त्या शिपायांना मराठी येत नव्हतं. खिडकीखाली एक मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, घोड्याला खरारा करायचा आणि गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना वाटायचं, घोड्यापाशी गुणगुणतोय. गाण्यात होता सुटकेचा बेत. 1816 च्या सप्टेंबरात कैदी निसटला.

सर, ही गोष्ट मी सोडूच शकत नाही. भाषा म्हणजे काय, हे पाच वर्षांच्या पोराला याहून चांगलं कसं सांगायचं? आपल्या आईचे, आजीचे शब्द कुणाला नुसता आवाज वाटतात आणि कुणाला सुटकेची वाट दाखवतात! तुरुंगाच्या बाहेरच्या रस्त्यावरून भिंत बघून आलो की आम्ही बागेत खेळ मांडतो. एक चेंडू लपवायचा. एक मूल मोतद्दार, एक कैदी, बाकीचे पहारेकरी. चेंडू कुठं आहे ते गाण्यातून कळवायचं, पण 'चेंडू' म्हणायचं नाही. परवा एकीनं म्हटलं, 'घोड्या घोड्या, डावीकडे वळ, पायरीखाली पिकलंय फळ.' कैद्याला कळलं, पहारेकऱ्यांना नाही. खेळू द्या म्हणता ना, हाच आमचा खेळ.

त्यामुळे तिसऱ्या आक्षेपाशी मी सहमत नाही. 'कळत नाही' म्हणजे साल कळत नाही, अंतर कळत नाही. ठाण्याची खाडी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली, यातलं चार वर्षांच्या मुलाला खरंच काही कळणार नाही. पण खाडीतल्या रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात काही पक्षी करडे का, हे तोच आधी विचारतो. मग करड्या पिल्लाची गोष्ट सुरू होते. ते जन्मतं करडंच, चिखलातलं शेवाळ आणि कोळंबीसारखे बारीक जीव खात खात मोठं होतं आणि त्या खाण्यातल्या रंगानं हळूहळू गुलाबी होतं. यात मी काहीही रचलेलं नाही. ही गोष्ट ऐकल्यावर ऐरोलीच्या पुलावरून जाताना ते मूल खाडीकडे बघतं आणि ओहोटीचा चिखल त्याला घाण वाटत नाही, कुणाचं तरी ताट वाटतं. तिसरीच्या पुस्तकात 'खाडी' हा शब्द येईल तेव्हा त्याला तो चिखल आठवेल. ज्यानं काहीच पाहिलं नाही, त्याला तो शब्द पाठ करावा लागेल.

तुम्ही शेवटी लिहिलंत की तुमचं लहानपण जांभळी नाक्याजवळ गेलं. मग विनंती आहे. पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही मासुंद्याच्या काठी, तलावपाळीवर जमतो आहोत. तुम्ही या. तेव्हा तिथं काय होतं, काय दिसायचं, ते मुलांना तुम्ही सांगा. त्या दिवशी मी कासव आणणार नाही.