हनुक्का म्हणजे 'ज्यूंची दिवाळी' नव्हे

दिवाळी जवळ आली की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: 'टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्येही (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) दिवाळी असते, तिला हनुक्का म्हणतात. तिथी तीच, दिवे तेच, सण आपल्याकडूनच गेलेला.' वाचायला छान वाटतं, पण यातलं एकही विधान टिकत नाही.

'तिथी तीच.' लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला. हनुक्का ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ला सुरू होऊन आठ दिवस चालतो. तोही चांद्र महिना, त्यामुळे या दिवसांतही अमावास्या येते आणि घोळ तिथेच होतो. पण ती आश्विनानंतरची, कधी त्याच्याही पुढची. २०१३ला दिवाळी ३ नोव्हेंबरला होती, हनुक्का २७च्या संध्याकाळी लागला. २०२५ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि हनुक्का थेट १४ डिसेंबरच्या संध्याकाळी. त्यांचा अधिक महिना १९ वर्षांत ७ वेळा येतो, पण आपल्या अधिकाशी जुळून येत नाही. म्हणून अंतर कमीजास्त होतं.

'दिवे तेच.' मेसेजसोबत चित्र असतं सात शाखांच्या मेनोराचं, म्हणजे दीपवृक्षाचं. ती जेरुसलेमच्या मंदिरातली. हनुक्काचा दीपवृक्ष वेगळा, हनुक्किया: त्यात आठ दिवे एका ओळीत आणि नववा शमाश, म्हणजे बाकीचे पेटवणारा, जरा उंचावर. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असं आठापर्यंत. शमाश धरून एकूण ४४ मेणबत्त्या लागतात. मांडायच्या उजवीकडून डावीकडे, पेटवायची मात्र सर्वांत डावीकडची, म्हणजे त्या दिवशीची नवी, आधी.

प्रत्येक ज्योत सुटी दिसली पाहिजे. आपल्याकडे चार वातींची पणती चालते. इथे ज्योती एकमेकींत मिसळल्या तर ती मशाल ठरते, दिवा मोजला जात नाही. मेणबत्त्या खेटून लावल्या की एकीच्या धगीने दुसरी वाकते आणि नेमकं हेच होतं. पेल्यात पाण्यावर तेल घालून दिवा केला आणि तेल कमी पडलं, तर वात पाण्याला टेकून चरचरत विझते. अंधार पडल्यावर निदान अर्धा तास जळेल इतकं तेल हवं. शुक्रवारी शब्बाथच्या (संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतिदिनाच्या) दिव्यांआधी, उजेडातच लावायचे असल्याने दीड तासाचं घालावं. या उजेडात वाचायचं नाही, काम करायचं नाही. पणतीजवळ बसून रांगोळी पुरी करणाऱ्यांना हे पटायला जड जाईल.

'आपल्याकडून गेला.' सणाचं मूळ इ.स.पू. १६४मध्ये आहे: राजा अँटायोकस चौथा याच्या काळात बाटवलेलं जेरुसलेमचं मंदिर मक्काबी या ज्यू बंडखोरांनी शुद्ध करून घेतलं. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरल्याची कथा तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातली.

ठाण्याचं सिनेगॉग १८७९चं, बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. त्यांच्या जुन्या सणांत नव्याचा सण होता, खिरीचा होता, बिरड्याचा होता, हनुक्का नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर तो रुळला. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या घाणे चालवणाऱ्या, पण शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या 'शनिवार तेल्यां'कडे तेलाचा सण इतक्या उशिरा पोचला.