गज सरळ चालला म्हणजे वादक तयार झाला?

संगीत क्लासांच्या आणि पालकांच्या गटांत सध्या एक दावा फिरतो आहे. हातांवर सेन्सर लावा, नाहीतर नुसता फोनचा कॅमेरा समोर ठेवा. संगणक हालचाली मोजून व्हायोलिनवादकाची पातळी सांगतो, तीही माणसाच्या कानापेक्षा निःपक्षपातीपणे. म्हणजे परीक्षकांची गरज संपली. हालचाली मोजण्याचं तंत्र खरं आहे, त्यावर कसून संशोधनही झालंय. पण त्या संशोधनातून हा निष्कर्ष निघत नाही. या दाव्याच्या बाजूने जी वाक्यं ऐकू येतात, ती एकेक करून पाहू.

‘गज सरळ, ब्रिजला समांतर चालला की वादक तयार.’ (गज म्हणजे तारांवर ओढायची केसांची काठी, ब्रिज म्हणजे तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी.) नवशिक्यापुरतं हे ठीक. मात्र स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात एर्विन स्कूनडरवाल्ट यांनी मोशन कॅप्चरने, म्हणजे कॅमेऱ्यांनी हालचाल टिपून, कसलेल्या वादकांचे गज मोजले, तेव्हा ते मुद्दाम थोडे तिरपे होताना दिसले. तिरपा गज ओढता ओढता ब्रिजकडे किंवा ब्रिजपासून दूर सरकतो आणि आवाज वाढवता-उतरवता येतो. तोच कोन नवशिक्याच्या हातात दोष असतो आणि जाणत्याच्या हातात साधन. नुसत्या कोनावरून दोघांतला फरक कसा कळणार?

‘अभ्यासांनी हे सिद्ध केलंय.’ युर्गेन कॉन्झाक आणि सहकाऱ्यांच्या 2009च्या अभ्यासात निष्णात वादकांच्या खांद्याची एका दिशेतली हालचाल नवशिक्यांपेक्षा कमी आढळली. निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो गटांच्या सरासरीचा आहे. एका मुलीचा खांदा जास्त हलतो म्हणून तिला कमी गुण द्यावेत, असं त्यातून ठरत नाही.

‘कॅमेऱ्यातून काही सुटत नाही.’ सगळ्यात महत्त्वाचं तेच सुटतं. तारेच्या स्वराचा पोत मुख्यतः गजाचा वेग, गजाचा दाब आणि ब्रिजपासूनचं अंतर या तिन्हींवर ठरतो. सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात यंत्राने व्हायोलिन वाजवून हाच संबंध तपासला होता. पुढे 1973मध्ये जॉन शेलेंग यांनी दाबाची कमाल आणि किमान मर्यादा मांडली: दाब कमी पडला तर स्वर फुटतो, जास्त झाला तर खरखरतो, आणि गज ब्रिजजवळ जाईल तशी मधली जागा अरुंद होत जाते. चांगल्या वादकाचा उजवा हात या अरुंद जागेत वावरतो. वेग आणि अंतर कॅमेऱ्याला दिसतं, दाब दिसत नाही. त्यासाठी संशोधकांना गजावरच वेगळे सेन्सर बसवावे लागले.

डाव्या हाताचंही तेच. तारेचा वाजणारा भाग साधारण 325 मिलिमीटर. वरच्या, खुंट्यांकडच्या टोकाजवळ बोट एक मिलिमीटर सरकलं की सूर सुमारे 5 सेंट हलतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तारेच्या मध्यावर, म्हणजे वरच्या सप्तकाच्या जागी, जवळपास 11 सेंट. फोनचा कॅमेरा बोटाच्या टोकाची जागा इतक्या बारकाईने सांगू शकत नाही. कानाला मात्र तो बेसूर लगेच टोचतो.

‘सगळ्या शैलींना चालतं.’ आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं टोक पायावर टेकवतो. वाद्याचा भार पायाने घेतल्यामुळे डावा हात मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यासाठी, मोकळा सरकतो. गजाननराव जोशी, डी. के. दातार यांच्या गायकी अंगाच्या वादनाचा जीव त्या सरकण्यात आहे. उभ्या पाश्चात्त्य वादकांच्या नमुन्यांवर शिकवलेली प्रणाली या हाताला कशाच्या आधारावर गुण देणार?

आता ‘निःपक्षपाती’. मला सर्वांत जास्त खटकतं ते हे. कोणती हालचाल चांगली, हे प्रणालीला आपोआप समजत नाही. शिक्षकांनी किंवा परीक्षकांनी आधी दिलेल्या गुणांवरून ती शिकते. त्यांच्या नजरेचे कल तिच्यात उतरतात. आणि नजर किती फसवते, ते चिया-जुंग त्से यांच्या 2013च्या प्रयोगांत दिसलं. स्पर्धांचे विजेते ओळखताना लोकांना नुसत्या ध्वनिमुद्रणापेक्षा आवाज बंद केलेल्या चित्रफितींनी जास्त मदत केली, आणि त्यात व्यावसायिक संगीतकारही होते. म्हणजे परीक्षकांचे निकाल आधीच दिसण्याकडे झुकलेले असू शकतात. हालचालींवरून तेच निकाल शिकलेलं यंत्र हा दोष पक्का करेल. अनेक पाश्चात्त्य वाद्यवृंदांनी निवड न्याय्य व्हावी म्हणून नेमकी उलटी वाट धरली: वादकाला पडद्याआड बसवलं आणि फक्त ऐकलं.

शिकवण्यात मात्र हे तंत्र जरूर वापरावं. युरोपातल्या टेल्मी प्रकल्पात बार्सिलोनाचं पोंपेउ फाब्रा विद्यापीठ आणि लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक यांनी व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या सरावासाठीच अशी साधनं घडवली. गज टोकाकडे जाताना स्वर पातळ होतो, हे गुरूंनी ऐकलेलं असतं. मनगट अडतंय की कोपर मागे राहतंय, हे मोजून दाखवता आलं तर विद्यार्थ्याचे कित्येक महिने वाचतील. पण क्लास किंवा परीक्षा मंडळ या आकड्यांवर मुलांना उत्तीर्ण-अनुत्तीर्ण करणार असेल, तर पालकांनी तिथेच विचारावं: गुण देताना माझ्या मुलाचं वादन कोणी ऐकलं?