घेणाऱ्याला कोण विचारणार?

गावच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, कॅन्टोन्मेंटजवळच्या दुकानांत मिलिटरीचे बूट, जॅकेट, झोपायच्या बॅगा मिळतात त्याचं काय करायचं. निम्मे म्हणतात आपल्याला मिळालेला माल परस्पर विकणाऱ्या जवानाला धरा, निम्मे म्हणतात दुकानदाराला. घेणाऱ्याचं नाव कोणीच काढत नाही.

मी एडिनबरात राहते. इथे सरकारच जुना लष्करी माल रीतसर विकतं, कॉलेजची पोरं आर्मीचे कोट घालून फिरतात आणि कोणी हटकत नाही. पण मागच्या महिन्यात रविवारच्या बाजारात एक जॅकेट हातात घेतलं, आत लेबलवर 180/96 साइज, खाली लांबलचक स्टॉक नंबर, कोरं करकरीत, आणि छातीवरची नावाची पट्टी उसवलेली, दोरे अजून लोंबत होते. फक्त 10 पौंड. कुठून आणलं विचारलं तर माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी ठेवून दिलं.

इश्यू झालेली, म्हणजे लष्कराने वापरायला दिलेली वस्तू सैनिकाची होत नाही, सरकारचीच राहते. आणि चोरीचा किंवा अफरातफरीचा माल माहीत असून घेणं हा स्कॉटलंडच्या कायद्यात 'रीसेट' नावाचा वेगळा गुन्हा आहे. 1967 मध्ये तर एक वकीलच यात दोषी ठरला, त्याने संशयास्पद रीतीने बंदुका घेतल्या होत्या. समोर दिसत असताना मुद्दाम डोळे मिटले तरी ते माहीत असण्यातच धरतात, मला हे फार पटतं. सैनिकाचं वेगळं, त्याच्यावर ब्रिटनच्या 2006 च्या आर्म्ड फोर्सेस अ‍ॅक्टखाली कोर्ट मार्शल होऊ शकतं, आणि तिथे स्कॉटलंडमधल्या सैनिकालाही इंग्लंडचा फौजदारी कायदा लागतो!

आपल्याकडे भारतात कायदा नाही असं नाहीये. 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टचं कलम 54 बघा, इश्यूचा माल परस्पर विकला तर 10 वर्षांपर्यंत कैद, स्वतःचं मेडल विकणंसुद्धा त्याच कलमात येतं. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झाले तेव्हा त्यांनी एकेक वस्तू मोजून जमा केली, एक मग सापडेना तर त्याचे पैसे भरले. असा माणूस आणि तो विकणारा, दोघांना ग्रुपवर एकाच तोंडाने 'जवान' म्हणून शिव्या बसतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडेही जुना माल उघडपणे, पावतीसकट विका, म्हणजे बिनपावतीचा कुठला ते लगेच कळेल, आणि मग तो घेणाऱ्यालाही पोलिसांनी विचारावं.